भाकरीचा हात, पावाचे पीठ

नवी विद्या शिकू लागलेल्या माणसास ती चटकन येत नाही, यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. पुष्कळदा त्याला त्या विद्येच्या शेजारची दुसरी एखादी विद्या उत्तम अवगत असते, आणि नेमकी तीच आडवी येते. घरी पाव भाजू पाहणाऱ्या गृहिणीच्या हाताकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते.

मराठी स्वयंपाकघराला पाव तसा उशिरा भेटला. शब्द मूळचा पोर्तुगीज. गोव्यातील पदेर माडाच्या सुरेने पीठ फुगवून तो भाजीत असत. सोवळ्या घरांनी मात्र त्याला कित्येक वर्षे उंबऱ्याबाहेर ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या परमहंस सभेचे सभासद ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात, ते भूक भागविण्यासाठी नव्हे, तर जातिबंधन झुगारल्याची खूण म्हणून. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून एवढे वादळ उठले की, रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी आली. पुढे हाच पाव वड्याच्या आणि मिसळीच्या पंक्तीला जाऊन बसला. तथापि तो विकत आणावयाचा पदार्थच राहिला. घरी भाजावयाचा म्हटले की मोठमोठ्या सुगरणी बिचकतात.

नागपुरातील एका घरची सुगरण मात्र बिचकली नाही. वय साठीच्या आसपास. ज्वारीच्या भाकरीबद्दल तिची सगळ्या गोतावळ्यात ख्याती. सुनेने घरात विजेची भट्टी आणली होती आणि ती अधूनमधून पाव भाजीत असे. सून चार दिवस कामात गुंतलेली पाहून सासूबाईंनी पदर खोचला. “त्यात काय एवढं? पीठ मळायचं आणि भाजायचं!”

पहिल्या दिवशी पीठ तसूभरही फुगले नाही. कारण भाकरीच्या सवयीने त्यांनी चांगले कढत पाणी घेतले होते. ज्वारीच्या पिठाला अंगचा चिवटपणा नसतो. कढत पाण्याने त्यातील पिष्ट चिकट होते, म्हणून भाकरी थापता येते. यीस्टची गोष्ट वेगळी. किण्वन ही सजीव सूक्ष्म जीवांची क्रिया आहे, हे १८५७ पासूनच्या काही वर्षांत लुई पाश्चर यांनी दाखवून दिले. यीस्ट ही सजीव वस्तू; कढत पाण्यात ती मरून जाते. भाकरीला जे तारक, ते पावाला मारक ठरले.

दुसऱ्या दिवशी पाणी कोमट होते, पण पीठ हाताला चिकटू लागले. पोळीची कणीक हाताला चिकटता कामा नये, हा चाळीस वर्षांचा धडा. त्यांनी मूठमूठ कोरडे पीठ घातले. पावाला अर्धा किलो मैद्यास सुमारे तीनशे मिलिलिटर पाणी लागते आणि मळण्याच्या आरंभी तो हाताला चिकटतोच. मळता मळता मैद्यातील ग्लूटेनचे जाळे विणले जाते, यीस्टने सोडलेला वायू त्यात अडकतो, तेव्हा पाव हलका होतो. कोरड्या पिठाने ते जाळे ताणेनासे झाले. भट्टीतून निघाला तो पाव नव्हे, पाटा!

तिसऱ्या दिवशी मळणे साधले. पुस्तकात दोन तास ठेवावे असे लिहिले होते, म्हणून घड्याळ लावून दोन तास ठेवले. पण ते पुस्तक थंड मुलखातले, आणि हा नागपूरचा मे महिना. पीठ तासाभरातच दुप्पट झाले, आणि दोन तासांनी पाहतात तो खाली बसून आंबट वास मारू लागलेले.

सुनेला पहिल्या दिवसापासून सारे दिसत होते. ती बोलली नाही, कारण तिला कोणी विचारले नव्हते. या घरात शिकविण्याची वाट एकाच दिशेने वाहत आली होती. तिसऱ्या दिवशी सासूबाई पिठाच्या पातेल्यापाशी बराच वेळ बसून राहिल्या. मग वर न पाहता म्हणाल्या, “माझं काय चुकतंय गं?”

हे चार शब्द उच्चारणे पीठ मळण्याहून कितीतरी अवघड होते. सून शेजारी बसली. म्हणाली, “आई, विरजण लावताना दूध किती कोमट हवं, ते तुम्ही बोटानंच बघता ना? आणि उन्हाळ्यात दही लवकर लागतं म्हणून लक्ष ठेवता. तेवढंच करायचं.”

त्या एका वाक्याने विद्येचे परकेपण गळून पडले. विरजण, आंबोळीचे पीठ, तीन दिवस भिजणारे अनारशाचे तांदूळ. या घरातील हातांना किण्वन अपरिचित कधीच नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. फुगलेल्या पिठावर बोट दाबून पाहिले. खळगा सावकाश भरून येऊ लागला तेव्हा पीठ तयार समजले. मग त्यांनी सुनेला न विचारताच पिठाच्या तीन वळ्या केल्या, नातीच्या केसांची घालीत तशी तिपेडी वेणी घातली आणि वर तीळ पेरले. भाजून निघालेला पाव एका अंगाला थोडा उकलला होता. पण उलटा करून वाजविला तेव्हा पोकळ आवाज आला. पाव आतपर्यंत शिजल्याची ती खूण.

त्याच संध्याकाळी सून भाकऱ्या करीत होती. भाकरीच्या कडा नेहमीप्रमाणे चिरत होत्या. एरवी सासूबाईंनी “सर बाजूला” म्हणून तिच्या हातातील पीठ घेतले असते. त्या दिवशी त्या ओट्याजवळ येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. दुसरीही भाकरी चिरली, तेव्हा सुनेने मान वळवून विचारले, “आई, पाणी कमी पडतंय का?”

त्या प्रश्नासाठीच जणू त्या थांबल्या होत्या.