आपल्या गावात माणसं किती?



गावाची लोकसंख्या विचारली की आपण २०११ च्या जनगणनेचा आकडा सांगतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ मध्ये जन्मलेली लेकरं आता दहावीच्या वयाची झाली, आकडा मात्र तिथंच!

याचं आपल्याला काय? अहो, अंगणवाडी साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागं एक असते. उपकेंद्र सपाटीवर ५,००० मागं, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागं. आकडा जुना असला की मागणी अडते.

मधल्या काळातला आकडा दोन रीतींनी काढता येतो. पहिली बेरीज-वजाबाकीची. समजा, २०११ ला गावात १,२०० माणसं होती. नंतर २६० जन्मली, ११० वारली, १४० नांदायला किंवा राहायला आली, १९० कायमची बाहेर गेली. झाली १,३००. पण एक अडचण बघा. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं, तर जन्माची नोंद तिथंच होते. आपल्या ग्रामपंचायतीच्या वहीत ते बाळ दिसत नाही.

म्हणून दुसरी रीत, घरोघरच्या मोजणीची. अंगणवाडीताई आणि आशाताईंच्या सर्वेक्षणात बाळ कुठंही जन्मलं तरी घर धरून मोजलं जातं. दोन्ही आकडे शेजारी मांडले की सुटलेली माणसं सापडतात.

हा आकडा जनगणनेची जागा घेत नाही, पण ग्रामसभेत आपल्या मागणीला आधार देतो. तर पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या आळीतली घरं वाटून घ्यायची. आणि जन्म असो की मृत्यू, २१ दिवसांच्या आत नोंद करायचीच.