कुष्ठरोगातील प्रतिक्रिया आणि शरीरातील निरोप्ये



कुष्ठरोगाचा बहुविध औषधोपचार नियमितपणे घेणाऱ्या रुग्णाचे जुने चट्टे एखाद्या दिवशी एकाएकी लाल होऊन सुजतात, कोपराजवळील मज्जातंतू दुखू लागतो, किंवा ताप भरून अंगावर दुखऱ्या गाठी उठतात. औषध बाधले, असे समजून रुग्ण गोळ्या टाकून देतो. रायगड जिल्ह्यात आजही कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आढळतात; म्हणूनच या गैरसमजाचे निराकरण होणे अगत्याचे आहे.

या अवस्थेस वैद्यकात ‘प्रतिक्रिया’ म्हणतात. तिचे मूळ शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत असते. रक्तातील पांढऱ्या पेशी परस्परांना निरोप धाडतात ते सायटोकाइन नावाच्या सूक्ष्म प्रथिनांच्या द्वारे. इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही त्यांतील दोन प्रमुख प्रथिने होत. जंतूंशी झुंजण्यासाठी हे निरोप आवश्यकच असतात. परंतु जंतू मेले तरी त्यांचे अवशेष दीर्घकाळ अंगात राहतात. त्यांच्याविरुद्ध निरोपांचा अतिरेक झाला की दाह उसळतो. मज्जातंतू घट्ट आवरणात असल्यामुळे सुजला की आतल्या आत दाबला जातो. मग बधिरता येते, बोटे वाकडी होतात, पाऊल लुळे पडते. उपचार पूर्ण झाल्यानंतरही अशी प्रतिक्रिया उद्भवू शकते.

यावरील मुख्य औषध प्रेडनिसोलोन. ते या प्रथिनांची निर्मिती कमी करते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते काही महिने देऊन मात्रा क्रमाक्रमाने उतरवतात. मध्येच थांबविणे धोक्याचे असते. कुष्ठरोगाच्या गोळ्याही चालूच ठेवावयाच्या असतात. मज्जातंतूची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल, तर ती भरून येण्याची आशा असते. त्यानंतर ती मावळत जाते.

थॅलिडोमाइडची कथाही बोधप्रद आहे. नवजात बालकांत गंभीर व्यंगे निर्माण केल्यामुळे १९६१ साली हे औषध बाजारातून मागे घेतले गेले. पुढे १९६४ साली जेरुसलेम येथे डॉ. जेकब शेस्किन यांना ते कुष्ठरोगातील दुखऱ्या गाठींवर गुणकारी असल्याचे आढळले. ते टीएनएफची निर्मिती रोखते, हे १९९१ साली संशोधनातून दिसून आले. अर्थात, गर्भवती स्त्रीस ते कदापि देता येत नाही. टीएनएफला अटकाव करणारी अन्य औषधे आज संधिवातात वापरली जातात. मात्र ती देण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करतात, कारण निरोप्या गप्प झाला की दडलेला क्षयजंतू डोके वर काढू शकतो. दाह आवरावा, पण संरक्षण मोडू नये, हेच या उपचारांचे सूत्र आहे.

रोहा तालुक्यातील खांबसारख्या गावात सरपंच, शिक्षक आणि आशा सेविका यांच्या ओळखीबाहेरचे घर सहसा नसते. चट्टा लाल झाला, हातापायाची शक्ती कमी झाली, किंवा डोळा नीट मिटेनासा झाला, तर रुग्णास त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचविणे, आणि गोळ्या सोडू नकोस, एवढे त्याला धीराने सांगणे हे त्यांच्या हातचे काम आहे. एका कष्टकऱ्याचा हात त्यामुळे वाचू शकतो.