आई धूसर, वल्हं स्पष्ट

काही वर्षांपूर्वी कुरुंदवाडच्या घाटावर मी आईचा एक फोटो काढला. सकाळचं कोवळं ऊन, मागे कृष्णेचं पात्र आणि काठाला बांधलेल्या नावेत बसलेली आई. घरी येऊन संगणकावर फोटो मोठा करून पाहिला, तर पुढ्यातलं वल्हं त्याच्या चिरांसकट लख्ख आणि आईचा चेहरा धूसर. पुन्हा काढू म्हटलं. पुढच्या पावसाळ्याआधीच आई गेली.

श्रोतेहो, दोष कॅमेऱ्याचा नव्हता. १९७७ साली कोनिका कंपनीने ऑटोफोकसचा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हापासून हे तंत्र खूप सुधारलं. पण आपल्याला नेमकं कोण हवंय, हे ते कसं ओळखणार? सगळं त्याच्यावर सोपवलं, की पुष्कळदा तो सर्वांत जवळची ठसठशीत वस्तू धरतो. माझ्या वेळी ते वल्हं होतं.

म्हणून फोकसचा बिंदू आपण निवडावा. सेटिंगमध्ये एकच बिंदू ठेवा. तो माणसाच्या डोळ्यावर आणा, बटण अर्धं दाबा, फोकस धरल्याची खूण दिसली की बोट न उचलता चौकट जुळवा आणि मग बटण पूर्ण दाबा. मध्येच पुढेमागे सरकलात, तर मुसळ केरात! मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावलं तरी पुरतं. आजचे कित्येक कॅमेरे डोळा आपणहून शोधतात. पण चौघांत कुणाचा, हे तुम्हीच सांगायचं.

बसलेल्या माणसासाठी एकदाच फोकस धरणारी पद्धत ठीक. होड्यांच्या शर्यतीला मात्र सतत फोकस बदलणारी, म्हणजे ‘कंटिन्युअस’ पद्धत लावा. हिवाळ्यात नदीवर धुकं असलं, की लेन्स नुसती चाचपडत राहते, कारण धुक्याला कड नसते. अशा वेळी तेवढ्याच अंतरावरची नावेची कड किंवा घाटाची पायरी धरावी.

फोटो बिघडला तर आधी कारण ओळखा. भलतंच काही स्पष्ट आणि हवं ते धूसर असेल, तर फोकस चुकला. सगळंच फरफटल्यासारखं दिसत असेल, तर बहुधा हात हलला. तिथे शटरचा वेग वाढवायला हवा.

आणि एक करा. फोटो काढल्यावर जागच्या जागी चेहरा मोठा करून पाहा. माणूस समोर आहे, तोवरच तो पुन्हा काढता येतो.