पाणी फिरलं, हे बाईला कोण सांगणार?

सकाळपासून रोजगार, कर्ज, बाजारपेठ यांवर पुष्कळ बोलणं झालं. मी पाण्याबद्दल बोलणार आहे. नळाच्या नाही, खाडीच्या.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण संपवून मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या बायांबरोबर काम करू लागले. या बाया तिसऱ्या, कालवं, मुळे गोळा करतात. चौघी-पाचजणी होडी वल्हवत खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर जातात. ओहोटीला पट्टा उघडा पडतो, तो फार तर दोन-अडीच तास. पाणी फिरल्याचं उशिरा कळलं तर भरली टोपली, होडी आणि ओढ एकदमच सांभाळावी लागते. म्हणजे भरतीची वेळ हा त्यांच्या मजुरीचा आणि जिवाचाही प्रश्न आहे.

म्हाताऱ्या बायांकडे याचं गणित आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी, तर आठाचे पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळीही सहाच्या सुमारास. रोज पाणी साधारण 50 मिनिटं पुढे सरकतं, तेही यात बसतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण शाळेचं तोंड न पाहिलेली बाई हे तोंडी करते. (आम्ही याला ‘पारंपरिक समजूत’ म्हणतो. आमच्या पुस्तकातलं असतं तर शास्त्र म्हटलं असतं.)

आता फोनवर भरती दिसते. तरुण मुली म्हणतात, ताई, बघा, ‘लाइव्ह’ लिहिलंय. पण बहुतेक ठिकाणी दिसतो तो चंद्र-सूर्याच्या गतीवरून आधीच मांडलेला हिशेब. वारा, कमी दाबाचा पट्टा, डोंगरातून उतरलेलं पावसाचं पाणी त्यात धरलेलं नसतं. प्रत्यक्ष पाणी मोजणारी यंत्रं ठरावीक बंदरांत असतात. हैदराबादचं ‘इन्कॉइस’ केंद्र अशी माहिती गोळा करतं. आमच्या खाडीत यंत्र नाही. शिवाय वर्तमानपत्रात छापतात ती मुंबईची भरती. रत्नागिरीकडे पाणी मुंबईच्या आधी फिरतं, आणि खाडीत आत शिरावं तसं उशिरा. मुंबईच्या आकड्यावर विसंबून होडी काढणारी बाई कुठल्याच वेळेला धरून नसते.

मग बायांनी धक्क्याजवळ बांबू रोवला. त्यावर वीतभर अंतरावर रंगाच्या खुणा केल्या. महिनाभर रोजची वेळ दिनदर्शिकेवर लिहिली, तेव्हा फोनवरच्या वेळेपेक्षा आपलं पाणी किती मागेपुढे असतं ते कळलं. पाणी चढू लागलं की धक्क्यावर जाळी विणत बसणारी आजी फोन करते. एक रिंग म्हणजे पाणी फिरलं, दोन म्हणजे टोपली उचला. उचलायचा नाही, पैसे पडत नाहीत. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, गळ्यात.

हा फोन मिळवणंच अवघड गेलं. होडी नवऱ्याच्या नावावर, सोसायटीचं सभासदत्व त्याच्या नावावर, म्हणून हवामानाचे इशारेही त्याच्याच खिशात येतात. तो दिवसभर गावात, आणि पाण्यात ही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे 54 टक्के बायांनीच स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचं सांगितलं. आमच्या गटाने बचतीतून दोन साधे फोन घेतले, तर घरोघरी भांडणं. ‘बायकांना फोन कशाला?’ एका सासूबाईंनीच उत्तर दिलं: ‘बुडायला नको म्हणून!’

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ गटाच्या बाया स्वतः होड्या वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यांच्या कामाचं वेळापत्रकही पाणीच ठरवतं. कचेऱ्यांचं मात्र घड्याळ ठरवतं. आमची पुढची ग्रामसभा पंचमीला, सकाळी दहा वाजता ठेवली आहे. पंचमीची भरती पावणेचारला, म्हणजे सुकती दहाच्या आसपास. त्या वेळी सगळ्या बाया पट्ट्यावर असणार. सभा दुपारी दोनला घ्या, असा अर्ज आम्ही दिला आहे. त्यावर 24 सह्या आणि अंगठे आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.