सुरक्षिततेचे यंत्र आणि आपले उत्तरदायित्व



अमेरिकेत आम्ही वरिष्ठ अभियंता या नात्याने कामगारांच्या सुरक्षा-उपकरणांतील इलेक्ट्रॉनिक भाग तयार करतो. हा व्यवसाय आपल्या समाजाच्या जीवनमरणाशी कसा निगडित आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गटारात उतरणाऱ्या कामगारासाठी वायुशोधक यंत्र असते. ते प्राणवायू, ज्वालाग्राही वायू आणि विषारी वायू मोजते. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे १०० भाग झाला की घ्राणशक्तीच बधिर होते. वास थांबला, म्हणजे धोका टळला, असे माणसास वाटते. वस्तुतः मृत्यू समीप आलेला असतो. यंत्राच्या ठिणगीने वायू पेटू नये म्हणून त्यातील विद्युत-ऊर्जा मर्यादित ठेवावी लागते. मायक्रोप्रोसेसर मध्येच थबकला तर त्यास पुन्हा सुरू करणारा पहारेकरीही आत बसवावा लागतो. कारण बंद पडलेले यंत्र गप्प असते, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ कामगार 'सर्व ठीक आहे' असा घेतो.

परंतु केवळ यंत्राने प्राण वाचत नाहीत. अमेरिकेत १९९३ साली बंदिस्त जागांसंबंधी नियम झाला. उतरण्यापूर्वी हवा तपासणे, तिची नोंद ठेवणे आणि बाहेर एक माणूस उभा करणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. त्याच वर्षी भारतात हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला. पण त्याचा रोख कोरड्या शौचकूपांवर होता. गटारे व सेप्टिक टाक्या यांचा स्पष्ट उल्लेख २०१३ च्या कायद्यात आला, आणि तेथेही मनाई आहे ती संरक्षक साधनांविना केलेल्या सफाईस. सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूबद्दल २०१४ मध्ये १० लाख व २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरविली. भरपाई वाढली, मृत्यू थांबले नाहीत.

मग साधने दिली की माणसास गटारात उतरविणे न्याय्य ठरते काय? ही साधने घडविणारे आम्हीच 'नाही' असे म्हणतो. आधी धोका नाहीसा करा, अंगावरचे साधन हा शेवटचा उपाय, असे सुरक्षाशास्त्रच सांगते. गटारात प्रथम यंत्र गेले पाहिजे. भारतात तेथे कोण उतरतो हे आजही बहुधा जन्मावरून ठरते. आमचा वायुशोधक मात्र कोणाची जात विचारीत नाही.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आले आणि मिळविलेली विद्या घेऊन स्वदेशी परतले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी ती कामगारांच्या कामी लावली. आपली अभियांत्रिकी शिकणारी मुले गटार साफ करणाऱ्या यंत्रांचा अभ्यास करोत. आणि आपण गावी जाल तेव्हा नगरपालिकेस एवढे अवश्य विचारा: माणूस का उतरविला? हवा कोणी तपासली? नोंद कोठे आहे?

जयभीम!