नेपाळला जाताना

श्रोतेहो, रब्बीची सुगी आटोपली, शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली, की आपल्याकडे गावोगावी यात्रेची बोलणी सुरू होतात. काशी झाली, अयोध्या झाली, आता एकदा पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ घडावा, असे घरातली वडीलधारी माणसे म्हणू लागतात. शिक्षक मंडळीही चारसहा कुटुंबे मिळून बेत आखतात. अशा सर्वांसाठी आज चार व्यवहाराच्या गोष्टी सांगायच्या आहेत.

नेपाळ आपल्याला परका वाटत नाही. १८५७ च्या संग्रामानंतर नानासाहेब पेशव्यांनी तिथल्याच तराईच्या रानात आसरा घेतला होता. भाषा देवनागरीत लिहिलेली, त्यामुळे दुकानाची पाटीही आपल्याला वाचता येते. १९५० सालच्या मैत्री कराराच्या काळापासून ये-जा मोकळी आहे. व्हिसा लागत नाही. पण दार उघडे असले म्हणजे घर आपले होत नाही. तिथले नाणे, घड्याळ, तारीख आणि डोंगर, सारेच वेगळे. या मोकळेपणामुळे आपण तयारीच करीत नाही, आणि नेमके तिथेच फसतो.

प्रथम कागदपत्रे. पुण्याहून गोरखपूरला थेट आगगाडी आहे. तिथून सोनौलीची सरहद्द साधारण शंभर किलोमीटर. रस्त्याने जाताना फारशी अडवणूक होत नाही, तरी प्रत्येकाजवळ ओळखपत्र हवेच. विमानाने जाणाऱ्याने पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र घ्यावे, केवळ आधारकार्डावर भिस्त ठेवू नये. स्वतःची गाडी नेणार असाल, तर सरहद्दीवरच्या जकात कचेरीत, तिला तिकडे भन्सार म्हणतात, दिवसांप्रमाणे पैसे भरून परवाना घ्या. तो काचेच्या आत जपून ठेवा.

आता पैसे. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये. हा दर १९९३ पासून कायम आहे. दुकानदाराने "आठशे" म्हटले, की आधी विचारा, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी? नेपाळी आठशे म्हणजे आपले पाचशेच. न विचारता दिले, तर तीनशे रुपये उगाच गेले! नोटांचेही भान ठेवा. २०१६ च्या नोटबंदीत कित्येकांच्या जुन्या नोटा तिकडेच अडकल्या. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली. पुढे हे नियम बदलत आले आहेत. तेव्हा निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करा, आणि जवळ शंभराच्याच नोटा ठेवा. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय २०२४ पासून काही दुकानांत झाली आहे, पण डोंगरातल्या खेड्यात ती मिळेलच असे नाही.

शिक्षकांनी एक गंमत मुलांना जरूर सांगावी. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे. तिकडे सातची बस म्हणजे आपल्या पावणेसातला हजर! तारीखही विक्रम संवताची. आपल्या शालिवाहन शकात १३५ मिळवले, की विक्रम संवत येतो. शके १९४७ म्हणजे तिथला २०८२. तिकिटावर अशी तारीख दिसली, तर इंग्रजी तारीख कोणती, हे खिडकीवरच विचारून लिहून घ्या. आठवड्याची सुटी शनिवारी असते. सरकारी काम त्या दिवशी ठेवू नका.

यापुढची गोष्ट जिवाची आहे, म्हणून नीट ऐका. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. आत बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातली माणसे होती. पंचवीसहून अधिक जण दगावले. त्याच वर्षी १२ जुलैच्या पहाटे अंधारात सिमलतालजवळ दरड येऊन दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. आषाढ-श्रावणात तिथे पाऊस डोंगर सोडवतो. तेव्हा पावसाळा टाळा. चैत्र-वैशाख किंवा आश्विन-कार्तिक हे दिवस बरे. घाटातला प्रवास दिवसाउजेडीच करा. आणि कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवा. तो नसला, की दरड पडलेली असतानाही "आजच पोहोचायचे" म्हणून माणसे चालकाच्या मागे लागतात.

मुक्तिनाथाची उंची सुमारे ३,७०० मीटर. आपले कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच! तिथे हवा विरळ. डोके दुखणे, मळमळणे, चालताना धाप लागणे ही सूचना समजावी. पोखऱ्याहून एकदम वर न जाता जोमसोमला एक रात्र काढावी. त्रास वाढला, तर औषधाची वाट न पाहता खाली उतरावे. हृदयविकार, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तिथल्या १०८ धारांचे पाणी बर्फासारखे गार. आजीआजोबांनी डोक्याला चार थेंब लावले, तरी यात्रेत काही उणे पडत नाही. सोबतच्या तरुणांनी आग्रह करू नये.

बोलताना मानाने बोला. "तपाईं" म्हणजे "आपण". हमालापासून हॉटेलवाल्यापर्यंत सर्वांना हाच शब्द वापरा. पशुपतिनाथाच्या देवळात चामड्याचा पट्टा, पाकीट नेऊ नये, आत फोटो काढू नयेत.

शेवटी एक काम घर सोडण्यापूर्वी करा. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत आंदोलन पेटले, विमानतळ बंद पडला, आणि आपले अनेक प्रवासी अडकले. घरच्यांना त्यांचा ठावठिकाणा लागेना. म्हणून एका कागदावर कोणत्या तारखेला कुठे मुक्काम, गाडी कोणाची, सोबत कोण, कोणाला कोणते औषध चालू, हे सारे लिहा. काठमांडूत लैनचौर भागात आपला भारतीय दूतावास आहे. त्याचा फोन नंबर त्याखाली घाला. एक प्रत घरी द्या, एक शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, आणि एक आपल्या खिशात ठेवा. मग खुशाल निघा.