गुठळी कुठवर पोचली?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



यकृताच्या कर्करोगाच्या रिपोर्टात ‘पोर्टल व्हेनमध्ये गुठळी’ असे शब्द दिसले की घरची मंडळी म्हणतात, ‘नसेत गेला, आता संपले.’ हा निष्कर्ष घाईचा आहे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

पोर्टल व्हेन ही आतड्यांकडचे रक्त यकृताला पोचवणारी मोठी नस. यकृताला मिळणारे सुमारे तीन-चतुर्थांश रक्त तीच आणते. आपल्या बेंबळा धरणाचा कालवा डोळ्यांपुढे आणा. शेतचारीत गाळ साचला तर एकाच शेताचे पाणी अडते. मुख्य कालव्यात साचला तर सारे शिवार कोरडे पडते. मात्र ही गुठळी बहुधा नुसत्या रक्ताची नसते, तिच्यात कर्करोगाच्या पेशी असतात. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी ती विरघळत नाही.

जपानी डॉक्टरांनी तिच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिलीत गुठळी अगदी बारीक फांद्यांत असते, दुसरीत त्यांहून मोठ्या फांद्यांत, तिसरीत उजव्या किंवा डाव्या मुख्य फांदीत, आणि चौथीत मूळ खोडात किंवा गाठीच्या विरुद्ध बाजूच्या फांदीत. पहिल्या दोन पायऱ्यांत यकृत धडधाकट असेल तर काही रुग्णांत शस्त्रक्रियेचा विचार होतो. पुढच्या पायऱ्यांत बहुधा औषधे, आणि निवडक रुग्णांत किरणोपचार. याबाबत सर्व देशांचे एकमत नाही. युरोपातील बार्सिलोना पद्धतीत नसेत गुठळी दिसली की रोग पुढच्या टप्प्यात धरून मुख्यतः औषधेच देतात. शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधेही या उपचारात आली आहेत.

तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न नम्रपणे विचारा : गुठळी कोणत्या फांदीपर्यंत आहे? यकृताची ताकद किती उरली आहे? रोग यकृताबाहेर गेला आहे का? शंका राहिली तर नागपूर किंवा मुंबईच्या कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यापेक्षा मोलाचे काम तुमच्या हाती आहे. हा रोग पुष्कळदा हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’मुळे होतो. ‘बी’ची लस आहे, पहिला डोस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत मिळायला हवा. ‘सी’ गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून तपासणी व औषधे मोफत मिळतात. यकृत आकसलेल्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करवून घ्या. गाठ लहान असताना सापडली तर नसेपर्यंत पोचण्याआधीच तिच्यावर इलाज करता येतो.

घरी जाऊन हे एकदा आईवडिलांना सांगा.